तीन की आठ?

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. लोणावळ्याहून भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बदरुन्निसाचाचींचं दुकान आहे. चिक्की, बिस्किटं, प्लास्टिकचे रेनकोट आणि सिगारेटी, सगळं तिथे मिळतं. गल्ल्यामागच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. समोर आलेल्या माणसावर संशय घ्यायचा, हे माझं काम.

पूर्वी माझं काम याच्या अगदी उलट होतं. चाचींचे पती मेहबूबभाई बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग वेगळं होतं. मी होतो गिऱ्हाइकांसाठी. घड्याळ उघडलं की ते मला पुढे करत आणि म्हणत, "या चाकाचा दात झिजलाय, तुम्हीच बघा." गिऱ्हाईक बघायचं आणि निर्धास्त व्हायचं. पुढे लोक मोबाइलवर वेळ बघू लागले. मेहबूबभाईंचा हात थरथरू लागला. दुकान बंद झालं आणि मी स्क्रू, पट्ट्या, सुटे काटे यांच्याबरोबर एका पत्र्याच्या डब्यात गेलो. नऊ वर्षं मला कुणी विचारलं नाही.

मला बाहेर काढलं ते कस्तुराबाईंमुळे. त्या एका दुपारी चाचींच्या दुकानात आल्या आणि अर्धं संपलेलं सिगारेटचं पाकीट त्यांनी काचेवर ठेवलं.

"तुमच्या दुकानातलं हाय. माजं पोरगं आटवीत हाय, मावशी."

चाचींना तो मुलगा आठवला. गणवेशावर रेनकोट घालून आला होता आणि वय अठरा सांगत होता. आधार कार्डही दाखवलं होतं, पण चाचींची नजर अधू, बारीक अक्षर वाचता येईना. तशीच मान डोलावून त्यांनी पाकीट दिलं होतं. कस्तुराबाई भांडल्या नाहीत. पाकीट तिथेच ठेवून निघून गेल्या. चाची त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी डबा उपसून मला शोधून काढलं.

तेव्हापासून सिगारेट मागणाऱ्या प्रत्येक कोवळ्या चेहऱ्याचं कार्ड माझ्याखाली येऊ लागलं. किती लबाड्या पाहिल्या मी! कुणी मोठ्या भावाचं कार्ड आणी, कुणी टोपी डोळ्यांवर ओढून उभा राही, कुणी रंगीत झेरॉक्सवर साल बदलून प्लास्टिक चढवी. मी सगळ्यांना पकडलं. "या भिंगातून कुणी सुटत नाही," असं चाची कौतुकाने सांगत. मी फुशारून गेलो. हळूहळू मला खरा माणूस दिसेनासाच झाला. दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक जण मला चोरच वाटू लागला.

अशात एक दिवस कोमल आली. मुलगी औंढे गावची, जवळच्या एका रिसॉर्टमध्ये कामाला. पाहुण्याला सिगारेट हवी होती म्हणून मॅनेजरने तिला पाठवलं होतं. चणीने लहान, कार्डावरचा फोटोही दोन वेण्यांचा, शाळेतला. चाचींनी मला कार्डावर धरलं. जन्मसाल इंग्रजी आकड्यांत होतं, दोन हजार तीन. पण त्या तीनच्या डाव्या बाजूला एक पुसट वळसा दिसत होता. जणू आधी तिथे आठ होता आणि कुणीतरी त्याची डावी कड खरवडून तीन केला होता.

"हे साल खोडलेलं आहे," चाची म्हणाल्या. "तू सतराची आहेस."

"न्हाई मावशी, बावीस पुरी झाली मला. पुन्ना बघा ना."

चाचींनी पुन्हा पाहिलं, माझ्यातूनच. वळसा तिथेच होता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती कोमलकडे बघू लागली. चाचींनी तिथूनच मॅनेजरला फोन केला, "तुमच्याकडची मुलगी खोटं कार्ड घेऊन फिरतेय." कोमल कार्ड उचलून मान खाली घालून गेली. मॅनेजरने तिला जन्मदाखला आणेपर्यंत घरी बसायला सांगितलं.

दोन दिवसांनी मेहबूबभाई औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला मला घेऊन बसले. ते थबकले. मूठ धरून त्यांनी मला फिरवलं. पुसट वळसा एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला. आणखी फिरवलं, तो पुन्हा सरकला.

"बदरू, इकडे ये," ते म्हणाले. "ओरखडा काचेवर आहे."

डब्यातल्या स्क्रूंनी मला कधी ओरबाडलं, मला कळलंच नव्हतं. जगाच्या चुका मोठ्या करून दाखवणाऱ्या मला स्वतःची काच कधीच दिसली नव्हती.  चाचींनी डोक्यावर पदर घेतला, मला पिशवीत टाकलं आणि रिसॉर्ट गाठलं. मॅनेजरला कोमलला बोलावून घ्यायला लावलं. ती आल्यावर सगळ्यांदेखत मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "खोट माझ्या भिंगात होती. हिच्या कार्डात नव्हती. मी हिला खोटी ठरवलं, ते मी परत घेते."

मॅनेजरने मान डोलावली आणि कोमलला कामावर घेतलं. कोमल मात्र लगेच हसली नाही. म्हणाली, "कार्ड मागितलं त्याचा राग न्हाई, मावशी. मागायलाच पायजे. पण सगळ्यांम्होरं मला लबाड म्हनलात. बाजूला घिऊन इचारलं असतं तर?"

चाचींनी मला उचलून पिशवीत ठेवलं. परतताना त्या एकदा रस्त्यातच थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

मला वाटलं, आता आपण पुन्हा डब्यात. पण तसं झालं नाही. चाची अजूनही कार्ड मागतात, आता तर प्रत्येकाकडे मागतात, सुटाबुटातल्या साहेबाकडेही. शंका आली तर मला दोनदा फिरवतात, कार्ड उजेडात नेतात, हळू आवाजात विचारतात. तरी पटलं नाही तर "मिळणार नाही" एवढंच म्हणतात. परवाच एक मुलगा भावाचं कार्ड घेऊन आला. चाची त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हा तुझा भाऊ. तू अठराचा झालास तरी सिगारेट घेऊ नकोस, बाळा." मुलगा लाजला आणि चिक्की घेऊन गेला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला स्क्रूंच्या डब्यात टाकू नका; मऊ फडक्यात गुंडाळून ठेवा. आणि कुणाकडे संशयाने बघाल, तेव्हा आधी आपली काच पुसा. माझा ओरखडा काही केल्या जात नाही. कोमल अजूनही दुकानासमोरून जाते. चाची हात करतात, तीही करते. पण सिगारेटचं पाकीट घ्यायला मॅनेजर आता दुसऱ्याला पाठवतो. कोमलनेच तसं सांगितलंय.