मुर्गाबच्या बांधावरची दोरी

मर्व शहराच्या पाणबुड्यांत दोरी कोणी धरायची, हे ठरलेलं होतं. माणूस बुडाला तर त्याची बायकापोरं ज्याच्या गळ्यात पडतील, त्यानेच. म्हणून माहयारची दोरी त्याचा मेहुणा बुंदाद धरायचा. बुंदादही पाणबुड्यांच्याच घरचा, पण लहानपणी एकदा गुदमरल्यापासून तो पाण्याला जाम घाबरायचा. दोरीचं काम त्याच्या पथ्यावरच पडलं होतं.

"मेव्हण्या, घट्ट धर," अंगाला मेण चोळता चोळता माहयार म्हणाला. "तुझी बहीण खाते फार."

"थट्टा पुरे, दाजी. लवकर वर या."

मुर्गाब नदी मर्वच्या पुढे वाळूत जिरते आणि शहराला दुसरी नदी नाही. हा सरकारी बांध गेला तर खालची गावं बुडणार, आणि जे वाचतील ते तहानेने मरणार. सकाळपासून बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झरत होतं, म्हणजे आतली माती चालली होती. बाकीचे पाणबुडे दूर वरच्या बांधावर होते. माहयार दगड बांधलेला लव्हाळ्याचा भारा घेऊन भोक बुजवायला खाली गेला. त्याची बायको नाहीद पलीकडच्या उतारावर, झरत्या पाण्यापाशी उभी राहिली.

दोरी सरकत गेली आणि थांबली.

"दादा, पाणी थांबलं," नाहीदने खालून हाक दिली.

बांधावरच्या मजुरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दगड निसटलेला भारा बुंदादच्या समोर तरंगत वर आला. भारा इथे, मग भोक कशाने बुजलं?

दोरीला दोन हिसके बसले. याचा अर्थ, ओढ.

पाण्याच्या अमिराने, म्हणजे बांधावरच्या सरकारी अधिकाऱ्याने, दोरीवर पाय दिला. भारा त्यानेही पाहिला होता.

"ओढू नकोस. मातीच्या गोण्या येऊ देत."

"तोवर दाजी मरतील."

"आणि ओढलंस तर खाली किती मरतील?"

अमिराचं चुकत नव्हतं, याचीच बुंदादला जास्त भीती वाटली. आणखी एक हिसका आला, अगदी हलका. बुंदादने अमिराला खांद्याने ढकललं आणि जीव खाऊन दोरी ओढली.

"दादा, पाणी सुटलं," नाहीद किंचाळली. "आधीपेक्षा जास्त येतंय."

माहयार वर आला तो निळ्या ओठांनी, मांडीचं कातडं सोललेलं. "पाय आत ओढला गेला," तो कसाबसा बोलला. "दोन भारे लागतील."

उभं राहायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. बुंदादने त्याच्या कमरेची दोरी सोडून स्वतःच्या कमरेला बांधली. गाठ दोनदा सुटली. दोन भारे जवळ ओढून दुसरं टोक त्याने माहयारच्या हातात दिलं.

"घट्ट धरा, दाजी. माझी बायको तर नाहीदपेक्षा जास्त खाते."

माहयारने दोरी मनगटाला गुंडाळून घेतली.