मीनाक्षीबाईंच्या झिजलेल्या दाढा

सत्तरीतही दातांनी सुपारी फोडणाऱ्या मीनाक्षीबाईंना आता ती चावेना. सकाळी जबडा आखडे, कानशिलं ठणकत. कुंभकोणमच्या दंतवैद्याने आरसा धरला. दाढा झिजलेल्या जात्यासारख्या सपाट!

"झोपेत दात खाता, अम्मा. मनावरच्या ताणानेही होतं. कधीपासून?"

बाईंनी बोटांवर महिने मोजले. सून वाणीला टोचून बोलणार नाही, असं मुलाला वचन दिल्यापासून!

रात्री झोपताना दातांवर चढवायचं कवच घेऊन त्या घरी आल्या. वाणीने कॉफी दिली.

"ही कॉफी, की पातेलं विसळलेलं पाणी?"

वाणी हसली. "तीन महिने गप्प होतात, आत्याबाई. मला वाटलं, रुसलात."

बाईंनी सुपारी मागितली. वाणीने ती अडकित्त्याने बारीक कातरून दिली.