व्याह्यांचा पट्टा

व्याह्यांना आहेर करायचा म्हणजे करायचाच, हे नीलिमाने ठरवून टाकलं होतं. उर्वी सांगून सांगून थकली की त्यांच्याकडे ही पद्धत नाही, उगाच त्यांना ऑकवर्ड होईल. पण लेकीने नको म्हटलं म्हणून थांबेल ती नीलिमा कसली! परदेशात, ट्रुगानिनात इतकी वर्षं राहूनही तिने एकाही पाहुण्याला रिकाम्या हाताने घरी पाठवलं नव्हतं, आणि इथे तर एकुलत्या एका मुलीचा सासरा.

शिवाय एक सल होता. ग्लेन, म्हणजे हा होणारा सासरा, पहिल्यांदा घरी आला होता तेव्हा थंड पेटीत सॉसेजेस घेऊन आला होता. स्वतः डोंगरात जाऊन मारलेल्या सांबराची, स्वतः बनवलेली. त्याच्या परीने तोही आहेरच होता. पण नीलिमाच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तिने तोंडभरून थँक यू म्हटलं आणि ती पेटी अंगापासून लांब धरून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. ते ग्लेनने पाहिलं. मग उर्वीने त्याला हळूच सगळं सांगितलं, तसा तो धिप्पाड माणूस कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून त्याने थालीपीठ संपवलं आणि चहाला न थांबता निघून गेला.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं मुलांमार्फतच चालू होतं. लग्नाचा हॉल ठरला, तारीख ठरली, पण ग्लेनचा फोन नाही आणि नीलिमालाही करायचा धीर होत नव्हता. तिला भीती एकाच गोष्टीची होती. ही माणसं कायमची परकीच राहिली, तर उद्या प्रत्येक सणाला, प्रत्येक वाढदिवसाला आपली पोर दोन घरांच्या मध्ये उभी राहून दोघांची समजूत घालत बसेल. मॅफ्राला, ग्लेनच्या घरी, जेवायला बोलावणं आलं, तेव्हा तिला वाटलं की सावरायची हीच वेळ आहे.

काय द्यायचं, हे जावयाने सुचवलं. म्हणजे होऊ घातलेल्या जावयाने. कॅलम म्हणाला, डॅडचा बेल्ट चिकटपट्टी गुंडाळून चाललाय. शिकारीला तोच, गोठ्यात तोच आणि बँकेतही तोच. नवा घे म्हटलं की म्हणतो, हा अजून तुटला कुठे?

नीलिमाला हे पटलं. त्याने त्याची शिकार आपल्या दारात आणली, आपण त्याच्या शिकारीला काही तरी देऊ. चामडं आणि हत्या यांवर तिने एक दिवस मनाशी खल केला. शेवटी तिचा नवरा मधू म्हणाला, "तुझ्या कोल्हापुरी चपला काय कापसाच्या आहेत?" आणि तो विषय तिथेच मिटला.

जवळच्या वेरिबीतल्या एका शिकार-मासेमारीच्या दुकानात शिरल्यावर भिंतीवरच्या बंदुका बघून नीलिमाने पर्स छातीशी धरली. मधू मात्र खुशीत होता. नवरा पुण्याचा इंजिनिअर. आठवडाभर बेल्टचे व्हिडिओ बघून आला होता. त्याने पहिल्यांदा उचलला तो जाड नायलॉनचा, खट्‌कन लागणाऱ्या बकलाचा. ट्रकसुद्धा ओढेल इतका मजबूत. नीलिमा म्हणाली, हा लावून माणूस बँकेत गेला तर लोकांना वाटेल दप्तराचा पट्टा कमरेला बांधलाय. मग तिला स्वतःला आवडला तो चकचकीत, मोठ्या बकलाचा, बकलावर शिंगं असलेला. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, दिसायला छान आहे, पण चढावर वाकलं की हे बक्कल पोटात रुततं.

शेवटी त्या मुलीने आतून एक साधा पट्टा काढला. एकाच जाड कातड्याचा, थर चिकटवलेला नाही, रंग दिलेला नाही. सुरी आणि वॉकीटॉकी अडकवली तरी लोंबणार नाही, आणि रोजच्या जीन्सच्या लूपमधूनही जाईल इतकाच रुंद. वापरून वापरून तो गडद होत जातो, असं ती म्हणाली. मापाचा घोळ मधूने घातलाच. तो पँटचा नंबर घेऊन आला होता, आणि पट्टा मोजायचा तो बकलापासून रोजच्या भोकापर्यंत. मग कॅलमला फोन. तो नेमका बापाकडे गेलेला होता. बाप आंघोळीला गेल्याची संधी साधून त्याने जुना पट्टा मोजला.

तरी नीलिमाचं समाधान होईना. बसल्यावर टोचतो का, वाकल्यावर काचतो का, हे अंगावर घातल्याशिवाय कसं कळणार? मधूला लावून बघावा तर त्याच्या कमरेला त्याचे दीड वेढे झाले असते. तेवढ्यात गळाच्या काठ्या बघत उभा असलेला एक आडदांड गृहस्थ तिला दिसला. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, तुम्ही अगदी माझ्या मुलीच्या सासऱ्याच्या अंगाचे आहात, जरा घालून बघता का? मधू लाजून तंबूंच्या मागे गेला. त्या भल्या माणसाने पट्टा लावला, तिने सांगितल्याप्रमाणे खाली बसून दाखवलं, वाकून दाखवलं, आणि "व्हेरी कम्फी, मेट," असा दाखला दिला. पट्टा काढून देताना त्याला जरा जडच गेलं.

इथवर सगळं बरं झालं. घोटाळा झाला तो निघायच्या दिवशी सकाळी.

नीलिमाच्या घरात नवीन वस्तू आली की तिला आधी हळदीकुंकवाचं बोट लागतं. फ्रीज, डिशवॉशर, गाडी, उर्वीचा ऑफिसचा लॅपटॉप, कुणीही त्यातून सुटलेलं नाही. तिने देवापुढे पट्टा ठेवला, बोट ओलं केलं आणि बकलाशेजारी हळदकुंकू लावून नमस्कार केला. पण फ्रीज पुसला की स्वच्छ होतो. हे कच्चं चामडं होतं, ते कोरड्या मातीसारखं ओल पिऊन बसलं. मधूने घाईघाईने ओल्या टिश्यूने पुसलं, तर टिकलीएवढा डाग चांगला बंद्या रुपयाएवढा झाला, लाल आणि कडेने पिवळा. तेल लावून बघितलं, तर तो अधिकच पक्का झाला.

दोघं त्या डागाकडे बघत बसले. दुकान उघडेपर्यंत थांबलं असतं तर मॅफ्राला जेवणाची वेळ टळली असती. नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक गोष्ट नीट करायला गेले, तीही मीच नासवली, असं ती म्हणाली. मधूने पट्टा खोक्यात घालून तिच्या पर्सशेजारी ठेवला, पण द्यायचा नाही हे तिचं ठरलं होतं. गाडीत बसताच तिने ते खोकं सीटखाली सरकवलं. मागच्या सीटवर उर्वी आणि कॅलम हळू आवाजात गाणी लावून बसले होते.

ग्लेन फाटकाशी उभा होता. हसला, पण बेताने. त्याच्या चिकटपट्टीच्या पट्ट्याकडे नीलिमाने बघायचं टाळलं. घर एका माणसाचं असावं तसं होतं. कॅलम शाळेत असताना त्याची आई क्वीन्सलंडला निघून गेली होती आणि तेव्हापासून बाप-लेक दोघंच होते. अंगणात बार्बेक्यू पेटला होता, त्यावर मका, भोपळा, बटाटे, मश्रूम्स.

नीलिमाचं लक्ष जाळीकडे गेलं तसा ग्लेन घाईने बोलायला लागला. जाळी नवीन आहे, चिमटे नवीन आहेत, ब्रशसुद्धा नवीन आहे, यावर मांस कधीच ठेवलेलं नाही. जुनी जाळी शेडमध्ये नेऊन ठेवलीय, हवं तर दाखवतो. हे सगळं तो तिच्याकडे न बघता भोपळ्याकडे बघत सांगत होता. नव्या चिमट्याच्या दांड्यावर दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.

नीलिमाला एकदम भरून आलं. इतके दिवस आपण समजत होतो की हा माणूस रागावलाय. तोही आपल्यासारखाच घाबरला होता. आता त्याच्यापासून काही लपवून ठेवणं तिला जमेना. ती गाडीपाशी गेली, खोकं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. डाग पडलाय, हळदकुंकू लावताना माझ्या हातून पडलाय, निघत नाही, हेही एका दमात सांगून टाकलं.

ग्लेनने पट्टा हातात घेऊन वाकवून पाहिला. मग जुना काढून नवा घातला, पायरीवर बसला, उठला, बुटाची नाडी बांधायला वाकावं तसा वाकला.

"मस्त बसतोय," तो म्हणाला. त्याने अंगठा डागावर फिरवला. "आणि याची काळजी करू नका. हरणाला लाल रंग कळत नाही. म्हणून तर आम्ही भगव्या टोप्या घालून हिंडतो." मग त्याने विचारलं, "पण हे लावतात कशाला?"

घरात नवं काही आलं की लावतो, असं नीलिमाने सांगितलं. ते आपलं झालं म्हणून, ते टिकावं म्हणून. फ्रीजला, गाडीला, लॅपटॉपलासुद्धा. उर्वी मागून म्हणाली, "इट्स ट्रू. माय बॉस आस्क्ड मी अबाउट इट."

ग्लेन हसला नाही. त्याने कॅलमकडे पाहिलं, बराच वेळ. पोरगा हातात ताटल्या घेऊन उभा होता.

"मग हा राहिलाय की," तो म्हणाला. "हासुद्धा तुमच्या घरात नवाच येतोय ना?"

लेक परक्यांच्या घरी चालली, एवढंच नीलिमा इतके महिने मनाशी घोकत होती. या माणसाकडे असलेलं एकुलतं एक माणूस तो तिच्या घरात पाठवत होता, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मधूने तिच्या पर्समध्ये कायम असणारा कुंकवाचा करंडा काढून तिच्यापुढे धरला.

"वाक रे जरा," ती कॅलमला मराठीतच म्हणाली. ताटल्या उर्वीकडे देऊन तो वाकला, अगदी खाली. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसून करंडा बंद करायला गेली, तर मधूने तिच्या कोपराला स्पर्श करून पुढे बघायला सांगितलं. कॅलमच्या मागे ग्लेन टोपी काढून, मान खाली घालून उभा होता.