ताई मध्येच का थांबतात?

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. विद्यापीठाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत टेबलावर उभा असतो. माझ्या मानेला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि डोक्यावरच्या जाळीला पोचा आला आहे. ऐकू मात्र मला अजून चांगलं येतं. ऐकलेलं सगळं कळतंच असं नाही, आणि ताईंच्या बाबतीत तर माझं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

कारखान्यातून मी इथे आलो तेव्हा माझं काय कौतुक! येणारा प्रत्येक प्राध्यापक मला टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणायचा. मग दार लागायचं आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. सगळे मोठ्या भाषेत शिकवायचे. मोठी भाषा म्हणजे परीक्षांची, कचेऱ्यांची, पडद्यावरची भाषा. काचेपलीकडे कात्रीदादा बसायचे. खोकला, कागदांची सळसळ, मधल्या रिकाम्या जागा, सगळं ते संगणकावर कापून टाकायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. कापाकापी झाली की धडा विद्यार्थ्यांच्या फोनवर जायचा.

एक दिवस ताई आल्या. डोंगरातली भाषा बोलणाऱ्यांपैकी विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्याच. बाळ-बाळंतिणीच्या काळजीचा अभ्यासक्रम त्या आपल्या भाषेत शिकवणार होत्या, आणि डोंगरातल्या आरोग्यसेविका तो घरबसल्या फोनवर ऐकणार होत्या. विभागप्रमुख दारात उभे राहून म्हणाले, "हे बघा ताई, निम्म्या जणींनी जरी शेवटपर्यंत पूर्ण केला, तरी पुढच्या वर्षी तुमची भाषा ठेवू. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

मुद्रण सुरू झालं. ताई काहीतरी बोलल्या आणि थांबल्या. मी वाट पाहिली. पुन्हा बोलल्या, पुन्हा थांबल्या. मी घाबरलो. ताई विसरल्या की काय? की माझीच तार सुटली? ती भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. थांबल्या की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू आता मी काहीतरी बोलायचं आहे. मी काय बोलणार? माझा जन्म ऐकण्यात गेलेला.

कात्रीदादाही बुचकळ्यात पडले. "मधेमधे काहीच नाहीये," ते पुटपुटले. "माईक आवाज गिळतोय वाटतं." खापर माझ्या डोक्यावर फुटलं. रिकाम्या जागा त्यांनी नेहमीसारख्या कापल्या आणि मला उचलून कपाटात टाकलं. माझ्या जागी चकचकीत नवा माईक आला. बोलणारा गप्प झाला की त्याचं मुद्रण आपोआप थांबायचं, म्हणजे कापायचे कष्टही वाचले. सगळे खूश झाले. मी मात्र कपाटात धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटलं, पण रागवायची सोय नव्हती. मी खरंच बिघडलो आहे की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं. धडे जात होते आणि विद्यार्थिनी गळत होत्या. ताई म्हणायच्या, "नेटवर्क नसेल." विभागप्रमुख म्हणाले, "तुमच्याच लोकांना तुमची भाषा नको आहे, ताई." मला ते कपाटातसुद्धा ऐकवलं नाही.

मग एका सकाळी ताईंना फोन आला. फोन ठेवून त्या तडक कात्रीदादांना म्हणाल्या,

"दादा, मावशीचा फोन होता. तीही आपल्याकडे शिकतेय ना. म्हणाली, शहरात जाऊन तुला माज आलाय. समोरच्याचं ऐकून न घेता बोलत सुटतेस. यापेक्षा मोठ्या भाषेतल्या बाई बऱ्या. पण मी कधी बोलत सुटले हो?"

स्वतःचा आवाज ऐकायची लाज वाटते म्हणून ताईंनी तयार धडा कधी ऐकलाच नव्हता. आज पहिल्यांदा ऐकला.

"दादा, मी थांबले होते, ते कुठे गेलं?"

"ते होय? कापलं. तिथे काही नव्हतंच."

"अहो, तिथे ऐकणारी 'हं' म्हणते! हुंकार आल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. ती गप्प राहिली, तर तिला कळलेलं नाही. मग पुन्हा सांगायचं."

"पण ताई, समोर कुणीच नव्हतं! माईकपुढे हुंकार कोण देणार?"

"इथे नाही, तिथे. मावशी घरात बसून देते ना. आणि तिचं 'हं' यायच्या आत मी पुढे गेलेली असते."

घोडं इथे पेंड खात होतं तर! कात्रीदादांनी कपाळाला हात लावला. मूळ मुद्रणं त्यांनी पुसून टाकली होती. सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि नवा माईक थांबणं टिपतच नव्हता. कपाटाचं दार उघडलं.

माझी तार सैल झाली होती, म्हणून कात्रीदादा ती धरून माझ्याशेजारीच बसायचे. शेवटच्या धड्याला ताई काहीतरी बोलल्या, थांबल्या, आणि कात्रीदादांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हं."

त्यांनी जीभ चावली. "चुकलं. कापतो."

"राहू द्या," ताई म्हणाल्या.

थांबण्यासकट नवे धडे गेल्यावर गळालेल्यांपैकी काही जणी परत आल्या, काही आल्याच नाहीत. निम्म्याचा आकडा जेमतेम गाठला गेला. विभागप्रमुख म्हणाले, "ठेवू आणखी एक वर्ष." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी मावशीचा पुन्हा फोन आला. ताई हसत कात्रीदादांना म्हणाल्या, "मावशी विचारते, शेवटच्या धड्यात 'हं' म्हणणारा तो बाबा कोण? त्याला कळलं होतं, की उगाच म्हणाला?"

"सांगा, उगाच म्हणालो," कात्रीदादा ओशाळून म्हणाले.

ताईंनी ते सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "मावशी म्हणते, मग त्याला पुन्हा सांग."

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. सांभाळाच. पण कुणाच्या बोलण्यात काही रिकामं वाटलं, तर कापायच्या आधी त्या माणसाला विचारा. मला ती भाषा अजून येत नाही. ताई दादांना पुन्हा पहिल्यापासून सांगत आहेत, थांबत आहेत, आणि दादा गप्प आहेत. त्यांना खरंच कळेपर्यंत ते 'हं' म्हणणार नाहीत.