माझ्या धुराला भज्यांचा वास

मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणा, पण खटारा म्हणू नका, मला राग येतो! मित्रांनो, मी फौजेतून आले आहे. लिलावात वामनरावांनी मला घेतलं आणि देऊळगाव राजाजवळच्या आपल्या मळ्यात आणलं. तिथून मी वांगी-मिरच्यांची पोती घेऊन जालन्याच्या बाजाराला जायची. त्यांच्या पत्नी रुखमाबाईंचा माझ्यावर फार जीव. गोठ्यातल्या ढवळ्यासारखंच त्या मलाही मायेनं धुवायच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी निळा धूर ओकू लागले. असा धूर, की मागचा रस्ता दिसेना! कारण मला ठाऊक होतं, पण जीपला बोलता कुठं येतं?

वामनरावांनी भगवंतराव मिस्त्रींना बोलावलं. धूर पाहून ते म्हणाले, "काळा असता तं पेट्रोल जास्त, पांढरा असता तं पानी. निळा म्हंजे इंजिन तेल जाळून राह्यलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतीन. लय खर्च येईन भाऊ, भंगारात द्या."

भंगार! माझी चारही चाकं गळाली. वामनराव माझ्या बॉनेटवर हात फिरवत राहिले.

"एकडाव अजून चालू करून पाहू," मिस्त्री म्हणाले. इंजिन सुरू झालं आणि शेजारच्या सोजराबाई कुंपणावरून डोकावल्या. "भजे तळून राह्यली काय वं, रुखमाबाई? भूक लागली ना मले!"

मिस्त्री थबकले. पाइपाशी वाकून त्यांनी धूर हुंगला. "वैनी, हा तं करडईच्या तेलाचा वास हाये!"

रुखमाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पोळ्याले बैलायले गोडधोड घातलं. ही बी वरीसभर राबते, हिले काऊन उपाशी ठेवाव? मंग हे इंजिनात तेल ओततात त्याच भोकात गडूभर करडईचं ओतलं."

वामनराव इतके हसले, की उपरण्यानं डोळे पुसू लागले. मिस्त्रींनी सगळं तेल काढलं, प्लग साफ केले, नवं इंजिन-तेल मापात भरलं. धूर गायब! मी अशी गरजले, की कोंबड्या पळाल्या. काय सांगू तो आनंद!

पुढच्या पोळ्याला रुखमाबाईंनी माझ्या बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. "वासच घे माय," त्या म्हणाल्या. ती ढवळ्यानं मान लांबवून फस्त केली, तरी मी खूश होते.

मित्रांनो, गाडी धूर सोडू लागली, तर तिला टाकून देण्याआधी तिचं दुखणं शोधा. आणि माया जरूर करा, पण गाडीला काय पचतं ते आधी मिस्त्रीला विचारा. मी तर उपासमारीनं नव्हे, लाडानं भंगारात गेले असते!