फिरायला निघालेली विहीर

"विहिरीला कुठं पाय असत्यात का? मेलं काय बी गातंय!"

भागुबाई तांदूळ निवडता निवडता पुटपुटली, जणू सुपालाच सांगत होती. पण खोली एकच. मधे जुन्या लुगड्याचा पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे तिचा मुलगा निवृत्ती पेटीच्या पट्ट्यांवर बोटं ठेवून बसलेला. त्याला ते स्वच्छ ऐकू गेलं. मालनला, म्हणजे त्याच्या बायकोला तर गेलंच. सासूचं पुटपुटणं सगळ्यांच्या आधी ऐकायचं काम लग्नापासून तिच्याकडेच होतं.

"पाय नसतात म्हणून तर गोष्ट आहे, आई," निवृत्ती म्हणाला. "पाय असते तर सगळ्याच विहिरी गेल्या असत्या."

"कुठं?"

"फिरायला."

ढोलकीवाला कोंडाजी शेजारच्याच ओळीत राहायचा. दार उघडं असलं की ते आपल्यासाठीच उघडं आहे असं तो समजे. तो म्हणाला, "मावशी, तुमचा लेक रोज सायकल मारत अंबडला जातो ना? मग विहिरीनंच काय घोडं मारलंय?"

"तो पोटासाठी जातो. तिचं पोट तर भरल्यालं असतंय."

कोंडाजीने ढोलकीची शाई खाजवली.

ते कॅसेटचे दिवस होते. नाशकात पानाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत टेप वाजायचे. निवृत्ती अंबडच्या कारखान्यात लेथवर टर्नर होता आणि सुट्टीच्या दिवशी गायक. जयंतीला, लग्नाला, बारशाला त्याच्या पार्टीला बोलावणं असायचं. लोक सांगतील ते तो गायचा, आणि बरं गायचा. पण गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या डोक्यात विहीर शिरली होती. सुटी गाणी नकोत. अख्खी कॅसेट म्हणजे एकच गोष्ट. एक बाजू संपली की लोकांनी धडपडत उठून कॅसेट उलटावी, पुढं काय झालं म्हणून.

गोष्ट अशी. घोटीकडच्या एका खेड्यातली विहीर एका जागी बसून बसून कंटाळते आणि एक दिवस उठून चालायला लागते. पोटातला म्हातारा बेडूक तिचा कारभारी. मागे गावकरी भोकाभोवती जमतात, आणि विहीर गेली म्हणजे नेमकं काय गेलं यावर त्यांची मोठी बैठक बसते, कारण भोक तर आधीही होतंच. विहीर एसटीत चढते, तर कंडक्टर अडून बसतो:

विहिरीला तिकीट फुल का हाफ?
पोटात पाणी, डोक्यावर वाफ!

अंबडला कारखान्याच्या फाटकावर वॉचमन तिला गेटपास मागतो. नाशकाच्या बाजारात मेथीच्या जुड्या तिला ओळखतात आणि गलका करतात. असं सगळं हिंडून शेवटी ती आपल्याच गावी परतते. पण जुन्या जागी जात नाही. गावाबाहेरच्या वस्तीत एका म्हातारीच्या दारापुढे थांबते आणि विचारते, "आई, इथं बसू का?"

म्हातारीने म्हणायचं, "बस गं बाई, घर तुझंच आहे." की कॅसेट संपली.

ही म्हातारी भागुबाई व्हावी, असा निवृत्तीचा हट्ट होता. भागुबाईचा हट्ट, नाही.

"मला नाय जमत. माझे दात पडल्यात."

"गायचं नाही आई, नुसतं बोलायचं."

"बोलाया बी दात लागत्यात."

"मला शिव्या देताना बरे लागत नाहीत!"

कोंडाजीने तोड काढली. "अरे, वहिनींना म्हणू दे ना. एवढुशा वाक्याचं काय घेऊन बसलास?"

"आईच म्हणेल," निवृत्ती म्हणाला. "नाहीतर कॅसेट निघणार नाही."

शालिमार चौकाजवळच्या एका कॅसेटवाल्याने त्याला आधीच वाटेला लावलं होतं. "निवृत्तीभाऊ, हळदीची द्या, जयंतीची द्या, डोळे झाकून काढतो. हे विहिरीचं कोण घेणार? बरं, त्यातलं कंडक्टरचं गाणं झकास आहे, तेवढं एकटं द्या." निवृत्ती म्हणाला, "तेवढं काढलं तर विहीर एसटी स्टँडवरच राहते हो." कॅसेटवाला मनापासून हसला, चहाही पाजला, पण विहीर घेतली नाही. घरी येऊन निवृत्तीने जाहीर केलं की आपण आपल्याच टेपवर भरायची आणि आपणच एकेक कॉपी करून विकायची. मालनने विचारलं, "कोण घेईल?" तो म्हणाला, "निघू तर दे."

मालनने एकदा असंही विचारलं होतं, "विहीरच का सुचली तुम्हाला?"

"सुचली," एवढंच बोलून तो पेटीचा भाता दुरुस्त करायला लागला.

तिने मग खोदून विचारलं नाही. या घरात निवृत्तीच्या आधी एक मुलगी होती, सखू. ती परकरी असतानाच तापाने गेली, असं मालनला लग्न ठरताना सांगितलं होतं. मायलेक दोघंही ते अगदी त्याच शब्दांत सांगत, आणि सांगताना एकमेकांकडे बघत नसत. गावी गेलं की भागुबाई भाताच्या बांधांवरून मोठा वळसा घालून घरी जाई. विहिरीजवळून सरळ वाट होती, तीवर तिने सुनेला कधी पाऊलही टाकू दिलं नाही. तापाने गेलेल्या पोरीचा आणि विहिरीचा संबंध काय, हे मालनला कळायला फार वर्षं लागली नाहीत. पण कळलं म्हणून बोलायचं थोडंच असतं? भाकरी थापताना सासूच्या तोंडाकडे बघून ती गप्प बसायला शिकली होती.

भरायचा दिवस ठरला, कारखान्याची सुट्टी बघून. भिंतींना गोधड्या टांगल्या. विहिरीच्या चालण्याचा आवाज म्हणून ओलं गोणपाट फरशीवर थापायचं काम कोंडाजीने पायाने करायचं, हातात ढोलकी. बेडूक निवृत्तीच. बटणं दाबणं मालनकडे. ते काम दिसायला सोपं, पण दोन बटणं एकदम दाबावी लागत, नाहीतर "खट्" असा आवाज आधी भरला जाई आणि निवृत्ती कपाळाला हात लावी. घरातल्या विजेवर टेप लावला की कॅसेटमध्ये घुंऽऽ असा आवाज येई, म्हणून तो सेलवर चालवायचा. सेल होते अर्धे मेलेले. मालनने ते पत्र्यावर कुरडयांच्या शेजारी कडक उन्हात वाळत घातले होते. कॉलनीत सगळे तसंच करत. उतरलेले सेल उन्हाने पुन्हा जोर धरतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

भरताना सगळं नामी झालं. शेजारच्या कुकरने नेमकी एसटी सुटतानाच शिट्टी मारली, ती निवृत्तीने मोठ्या कौतुकाने तशीच ठेवली. भागुबाई पडद्यामागे बसून राहिली. शेवटचा प्रश्न विचारून निवृत्तीने पडद्याकडे पाहिलं. कोंडाजीनेही पाहिलं. पडदा हलला नाही. मालनने टेप बंद केला.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती पाळी संपवून येताना नवेकोरे सेल घेऊन आला. चहाचे कप हातात घेऊन सगळे ऐकायला बसले; भागुबाई तेवढी पडद्यामागे तांदूळ निवडत राहिली.

पहिली बाजू फक्कड वाजली. कोंडाजी स्वतःच्या ढोलकीला स्वतःच वाहवा देत होता. दुसऱ्या बाजूला विहीर अंबडच्या फाटकावर पोचली आणि वॉचमनचा आवाज जरासा चढला. बाजारात मेथीच्या जुड्या चिवचिवायला लागल्या.

"हे काय रे?" कोंडाजी म्हणाला. "ही मेथी आहे का चिमण्या?"

बेडूक तर मांजराच्या पिल्लासारखा केकाटला. कोंडाजी हसून हसून आडवा झाला. मालनलाही पदर तोंडाला लावावा लागला. निवृत्तीचा मात्र चेहरा उतरला.

"सेल कुठले होते काल?"

"वाळवलेले," मालन अपराधी आवाजात म्हणाली.

"तरीच. भरताना ते उतरत गेले, टेप हळू फिरला. आता नव्या सेलवर पळत सुटलाय. माझा आवाज पार बारीक करून टाकला." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "असू दे. पुढच्या सुट्टीला दुसरी बाजू पहिल्यापासून भरू."

"पहिल्यापासून?" कोंडाजी उठून बसला. "माझे पाय अजून गोणपाटाचा वास मारतायत!"

"धुऊन ये. पण भरायची."

तेवढ्यात शेवटचं गाणं लागलं. त्यात ढोलकी नव्हती, पेटी नव्हती, नुसता आवाज. आणि आता तो निवृत्तीचा राहिलाच नव्हता. कोवळा, दमल्यासारखा, परकरी पोरीचा आवाज खोलीत उभा राहिला आणि म्हणाला,

"आई, इथं बसू का?"

कोंडाजीचं हसू जागच्या जागी थांबलं. निवृत्ती झटकन टेपकडे वाकला.

"ऱ्हाऊ दे."

भागुबाई पडदा धरून उभी होती. हाताला तांदळाचा कोंडा तसाच.

"आई, ते सेल—"

"मागं घे ते. तेवढंच लाव."

निवृत्तीने मागे घेतलं. पुन्हा तेच गाणं, पुन्हा तोच प्रश्न. भागुबाई हळूहळू पुढे आली, टेपसमोर मांडी घालून बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, बाहेरची बाई घरात आल्यावर ओढते तसा.

"अजून एकदा. आन् मंग ती भरायची बटणं दाब, मालन."

"आत्याबाई, 'बस गं बाई' असं—"

"मला ठावं हाय काय म्हनायचं ते."

मालनने निवृत्तीकडे बघितलं. त्याने मान हलवली, अगदी थोडी. तिसऱ्यांदा ती पोर दारात आली, तिने विचारलं, आणि मालनने टेप थांबवून दोन्ही बटणं एकदम दाबली. खट् झालं नाही. कॅसेटची चाकं फिरायला लागली.

भागुबाईने घसा साफ केला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. समोर खरंच कुणी उभं असावं तशी ती बोलली.

"आता आलीस व्हय दारात? माझी सखू तापानं नाय गेली. तुझ्यात बुडून मेली. दिसाच्या उजेडात आमाला तुझ्या पायरीवर चढू देत नव्हते गाववाले, म्हणून माझी लेक अंधारात घागर घेऊन तुझ्याकडं आली व्हती."