कार्यरत संवेदक : तीन

"माणसाची गोष्ट लिहू नकोस, पोरी. यंत्राची लिही. माणसाची लिहिलीस की यंत्र कधी यायचंच नाही."

हे मला किल्लीकाकांनी सांगितलं होतं. सामायिक कोठाराच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, म्हणून किल्लीकाका. तेव्हा मी पदवीवाली, कार्यालयात नुकतीच टेबल-खुर्ची मिळालेली आणि सहा महिन्यांची पोटुशी. मला वाटलं, म्हाताऱ्याला लोखंडाचं वेड आहे. "काका, यंत्राची गोष्ट कोण वाचतं हो?" असं म्हणून मी हसले आणि वही उघडली.

कार्यालय म्हणजे क्लस्टरचं, गल्लीतल्या कारखान्यांच्या गटाचं कार्यालय. आमच्या गल्लीत गोंद, व्हार्निश आणि बुटांचे तळ बनवणारे एकोणीस कारखाने आहेत. कारखाने म्हणायचं म्हणून. एका शटरमागे दोन पिंपं, एक ढवळणी आणि सहा माणसं. वर्षानुवर्षं एकमेकांचे कामगार पळवणे आणि एकमेकांच्या मालाला नावं ठेवणे एवढाच यांचा आपसातला व्यवहार. मग धोरण आलं. महाविद्यालयाचं संशोधन, गल्लीचे हात, सरकारचा टेकू, आणि मग म्हणे सगळ्या विभागाची भरभराट. 'नवोन्मेष केंद्र' अशी पाटी लागली, त्या दिवशी एक कामगार म्हणाला, "हा नवा उन्मेष कोण? जुन्याला काढला का?" आणि माझी मावशी म्हणाली, "क्लस्टर कसलं गं, क्लेशच क्लेश."

तरी आम्ही खूश होतो, खोटं कशाला बोलू. रस्ता झाला. प्रयोगशाळा झाली. आणि पूर्वी जो तो आपलं थिनर जिन्याखाली, खाटेखाली ठेवायचा, ते सगळं उचलून एका पक्क्या खोलीत गेलं. थिनरची खोली. फक्त तिचं मेन बटण आतल्या भिंतीवर बसवलं. नकाशा काढणाऱ्याने आयुष्यात कधी थिनर हुंगलेलं नसावं.

थिनरची वाफ जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचून राहते. एखाद्या पिंपाचं झाकण रात्रभर सैल राहिलं, तर सकाळी दिव्याच्या बटणातली ठिणगी पुरते. म्हणून खोलीत पहिली जायची मावशी. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. गोंदाच्या पिंपाशी बावीस वर्षं काढलेली. ती दार वीतभर उघडायची, गुडघ्याइतकं खाली वाकायची, दोनदा श्वास ओढायची. मग एक तर "थांब" म्हणायची, नाहीतर "लाव". तिने "लाव" म्हटल्याशिवाय वायरमन बटणाला बोट लावत नसे. एकदा तिने दारातूनच सांगितलं होतं, "मागची ओळ, डावीकडून तिसरं, वायसर फाटलाय." किल्लीकाकांनी बॅटरी मारून बघितलं. फाटलेला होता.

आता सांगा, अशी बाई घरात असताना कोण यंत्राची गोष्ट लिहील?

मी यशोगाथा लिहिली. मावशीला 'चालता-बोलता संवेदक' म्हटलं. सेन्सर हा शब्द सरकारी कागदात चालत नाही, म्हणून संवेदक. समारंभात ती वाचून दाखवली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या साहेबांनी डोळे टिपले. मावशीला शील्ड मिळालं. घरी येऊन म्हणाली, "आता या नाकावर माशी बसायची झाली तर तिलाही परवानगी काढावी लागेल."

गळती पकडणारी दोन यंत्रं त्याच महिन्यात आली होती. तळहाताएवढी, लाल दिव्याची. क्लस्टरच्या संचालकांनी ती प्रदर्शन दालनात काचेच्या पेटीत ठेवली, खालून छोटा दिवा सोडला आणि शेजारी मावशीचा फोटो लावला. "कोठारात लावायची घाई काय? तिथे आपली मावशी आहे ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोट सांभाळत उभी राहून मीही वाजवल्या.

मुलगी झाली. ती सात महिन्यांची झाल्यावर मी कामावर परतले आणि तिला दुपारची मावशीकडे ठेवू लागले, कारण मावशीचं काम बाराला संपायचं. मी काळजीखोर आहे, सगळे म्हणतात. दुधाची बाटली तीनदा उकळते, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. पण मावशीकडे ठेवताना मला कधी धास्ती वाटली नाही. ती माझ्या वरताण. मी दारातून आत आले की माझा हात धरून हुंगायची, "साबण लावला नाहीस. जा, परत धू," म्हणून.

मुलगी चौदा महिन्यांची असताना एका दुपारी मी लवकर गेले. दार उघडताच दर्प आला. पोरगी जमिनीवर डबे बडवत बसलेली आणि मावशी तिच्यापासून हातभर अंतरावर निवांत भाजी निवडत होती.

"मावशी, अगं लंगोट कधीचा भरलाय हिचा!"

"छे, आत्ता तर बघितला."

आत्ताचा नव्हता. कडा वाळल्या होत्या. पोरीच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या. मी पुसत होते आणि मावशी माझ्याकडे बघत होती. शरमून नाही. कपाटातलं काहीतरी कुणाला दिसलं तर नाही ना, असं.

मी पोरीला धुतलं, औषध लावलं. मग पर्समधून नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं, कापसावर टाकलं आणि मुठीत धरून मावशीच्या नाकाशी नेलं. ते थिनरचं सख्खं भावंड. मला स्वतःला हातभरावरून झोंबत होतं.

"ओळख."

तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "साबण."

मी चेहरा हलू दिला नाही.

"नाही? मग तेल."

"मावशी, कधीपासून?"

ती परत भाजी निवडू लागली. बराच वेळ एकच देठ मोडत होती. "थंडी संपल्यापासून. डॉक्टर म्हणतो, थिनरने आतलं जळलंय. परत येईल असं धरून चालू नका."

"आणि रोज सकाळी खोलीत काय करतेस?"

"वाकते."

"आणि?"

"डोळे चुरचुरले तर थांब म्हणते. नाहीतर किल्लीकाकाच्या तोंडाकडे बघते. त्याला थोडाफार येतो वास."

"मावशी, किल्लीकाका तपकीर ओढतात!"

"म्हणून तर थोडाफार म्हटलं."

आणि ती हसली. मला हसू येईना. त्या खोलीच्या एका भिंतीला लागून शिलाईचा कारखाना आहे, चौदा बायका. दुसऱ्या भिंतीला जेवायची जागा.

"उद्यापासून जायचं नाहीस," मी म्हणाले.

"मला शिकवू नकोस. शील्ड घेतलं, फोटो लावून घेतला, आता उठून सांगू नाक गेलं? चारचौघांत नाक कापून घेऊ? तसा आता त्याचा उपयोग नाही म्हणा." मग आवाज खाली आला. "आणि मी नाही म्हटलं तर काय यंत्र लावतील? एखाद्या कोवळ्या पोरीला वाकवतील. माझं तर जायचं ते गेलं."

दुसऱ्या दिवशी मी संचालकांच्या खोलीत गेले. तिथे कायम गुलाबाचा फवारा मारलेला असतो. बाहेर गल्लीभर गोंद उकळतो आणि या माणसाच्या खोलीत खोटा गुलाब. ते पेनच्या टोपणाने कान कोरत होते.

"सर, मावशीला वास येत नाही."

"सर्दी?"

"नाही सर, कायमचा गेलाय. पेटीतली दोन यंत्रं आजच कोठारात लावा. आणि बटण बाहेरच्या भिंतीवर घ्या. वायरमन म्हणतो, तासाभराचं काम आहे. फक्त तुमची सही नाही म्हणून अडलंय."

त्यांनी टोपण बघितलं, पुसलं, पेनाला लावलं. "मॅडम, आधी बसा. पाणी घ्या." मग टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. क्लस्टरच्या दर्जावाढीचा अर्ज. रकाना नऊवर त्यांनी बोट ठेवलं. गळती संवेदक, मंजूर : दोन. कार्यरत : तीन.

"तीन कसे?"

"दोन यंत्रं आणि मावशी. अहो, शब्द तुमचाच आहे."

"सर, ती उपमा होती."

"अर्जात उपमेचा रकाना नसतो, मॅडम. आता मी तिनाचे दोन केले तर वरून विचारतील, एक बिघडला कसा? दुरुस्तीला किती दिवस? काय उत्तर देऊ?"

"मग ती दोन तरी लावा."

"आणि दालनात काय दाखवू, रिकामी काच? पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत."

"ती चालतात तरी का?"

"बॅटरी कुठे घातलीय त्यांत!" ते माझ्या भोळेपणाला हसले.

म्हणजे तीनपैकी एकही चालत नव्हतं. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी खुर्ची पुढे ओढली. डोळ्यांत चमक आली होती. अशा माणसांच्या डोळ्यांत चमक आली की आपण पोरंबाळं उचलून पळावं.

"खरं सांगू, ही संधी आहे. मावशीचं ज्ञान तिच्याबरोबर जायला नको. 'अनुभवाधारित संवेदन कौशल्य.' वीस तरुण मुली घ्यायच्या, आपल्या आणि शेजारच्या तीन क्लस्टरसाठी. कौशल्यही झालं, महिलाही झाल्या, विभागाचा विकासही झाला. मावशी मुख्य प्रशिक्षक."

"तिला वास येत नाही, सर."

"शिकवायला कशाला वास लागतो? पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो. पुस्तिका मात्र तुम्ही लिहायची. तुमच्या हाताला गुण आहे."

मी अर्जाचा कागद परत त्यांच्याकडे फिरवला आणि बाहेर पडले. वीस पोरी. विशीतल्या. त्यांतल्या काहींना पुढे लेकरं होतील, आणि आपल्या लेकराच्या टाळूचा वास त्यांना कळणार नाही. आणि हे सगळं माझ्या एका गोंडस शब्दातून निघालं होतं. त्या खोलीतला गुलाब माझ्या ओढणीत घरापर्यंत आला. मी ती ओढणी दोनदा धुतली. मग फेकूनच दिली.

पुस्तिका लिहिली नाही. वरच्या खात्याला पत्र लिहिलं. सगळं साधं, उपमा नाही, अलंकार नाही. बटण आत आहे. यंत्रं पेटीत आहेत. त्यांत बॅटरी नाही. बाईला वास येत नाही. बारा दिवसांनी उत्तर आलं. 'आपली तक्रार योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित क्लस्टर संचालकांकडे पाठवण्यात येत आहे.' म्हणजे जो चावला त्याच्याकडेच मलम मागायला पाठवलं. त्याच दुपारी फाटकावर माझा पास काढून घेतला. किल्लीकाका तिथेच उभे होते. नुसत्या किल्ल्या चाचपत राहिले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मावशीला तर पत्राचं माझ्याआधी संचालकांकडूनच कळलं. मी गेले तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"माझी तक्रार केलीस?"

"तुझी नाही गं. त्यांची."

"कागदावर कुणाचं नाक गेलंय? त्यांचं की माझं?"

"मावशी, एक दिवस ती खोली उडेल."

"उडाली तर मी आधी आत असेन. तुझी पोरगी नाही." तिने माझ्या कडेवरच्या पोरीच्या गालाला बोट लावलं, आणि दार ओढून घेतलं.

या गोष्टीला दोन महिने झाले. दर्जावाढ मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला. संचालक मध्ये, मावशी कडेला, आणि मागे ओळीने उभ्या नव्या पोरी, निळ्या ॲप्रनमधल्या. मी मोजल्या. अकरा दिसतात, बाकीच्या कापल्या गेल्यात. मावशीचे डोळे फोटोतसुद्धा सुजलेले दिसतात. ती माझा फोन उचलत नाही. फाटकावरचा माणूस मला लांबून बघूनच मान हलवतो. वायरमन आठवड्यातून एकदा रस्त्यात भेटला की सांगतो, "आहेत, आहेत, ठीक आहेत." पण बाईच्या तोंडाकडे बघून ठीक आहे की नाही हे त्याला कळत असतं, तर मी निश्चिंत झाले असते.

तुमच्यापैकी कुणी उद्योग, महाविद्यालय, धोरण असल्या कामात असेल, तर कधी ना कधी अभ्यासदौऱ्यावर तुम्हाला तिथे नेतील. आता ते आदर्श क्लस्टर आहे, नेतीलच. चहापाणी आणि भाषण साडेनवाला असतं. तुम्ही आठच्या आत जा. रस्ता चुकलो म्हणून सांगा आणि इमारतीच्या मागे या. करड्या दारापाशी एक ठेंगणी बाई असेल, पांढरा रुमाल डोक्याला बांधलेली. तिला मावशी म्हणा, ती ओ देईल. मी पाठवलंय असं सांगू नका, तोंड फिरवेल. वायरमनने आत हात घालायच्या आधी काहीतरी निमित्त काढून तिला दारापासून दूर बोलवा, पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही करा. वाकल्यावर उठताना भिंत धरते का ते बघा. काही खाल्लंय का, विचारा. खोकते का, ऐका. आणि ती कशी आहे ते मला कळवा. एवढं कराल का?